दिवे नकोत, काटे हवेत

आमच्या ह्यांना स्वस्थ बसणं ठाऊकच नाही, पण आम्ही सुरतेला गोडादऱ्यात राहत होतो तेव्हा, सत्त्याण्णवच्या त्या मे महिन्यात कहर झाला होता. जेवताना मांडी हलायची, पेपर वाचताना अंगठा हलायचा, झोपेत पाय हलायचा आणि पलंग कुरकुरायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, तुमच्या पायाला पट्टा लावला तर अख्ख्या गोडादऱ्याचे लूम चालतील." एरवी हसले असते. त्या दिवशी ताट तसंच ठेवून उठले आणि बाहेर गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

गाडी म्हणायची आपली. घरापुढे पत्र्याची शेड होती, तिच्याखाली दोन वर्षं एक सांगाडा ठाण मांडून बसला होता. ह्यांनी रद्दीवाल्याकडे एका इंग्रजी मासिकात एक जुनी विलायती गाडी पाहिली, बुटकी, दोन माणसांची, वर टप नाही, आणि ठरवलं की हुबेहूब अशीच घरी बनवायची. इंजिन जुन्या फियाटचं. वरचं अंग उधन्यातल्या एका माणसानं फायबरचं करून दिलं. त्याचा मूळ धंदा पाण्याच्या टाक्यांचा, त्यामुळे गाडीची मागची बाजू जरा टाकीसारखीच झाली होती. गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, "छायाताई, यात पाणी कधी भरणार?" मी शाळेत बाई. वर्गभर पोरांना एका नजरेत गप्प करते, पण हा प्रश्न आला की मीच पदर सावरत घरात शिरायचे.

तेवढंच असतं तर मी सोसलं असतं. पण त्या गाडीपायी माझं घर जायची वेळ आली होती.

त्याचं असं होतं. हे हजीऱ्याला एका गॅसच्या कारखान्यात कंट्रोल रूममध्ये होते. तिथे भिंतभर पॅनेल, त्यावर दिवे, काटे, बटणं. त्यापुढे उभं राहून कारखाना चालवायचा. आता ते पॅनेल काढून कॉम्प्युटरचे पडदे बसवणार होते आणि पडद्यांवर बसायला ज्यांची निवड झाली त्यांत ह्यांचं नाव सगळ्यात वर होतं. त्याबरोबर कॉलनीत क्वार्टर. दिवसभर नळाला पाणी, मागे अंगण, आणि लूमचा खडखडाट नाही! मी जाऊन पाहूनही आले होते. ओट्याची उंची, मिसळणाचा डबा कुठे ठेवायचा, देवघर कोणत्या भिंतीला, सगळं मनात मांडून झालं होतं. सोमवारी साहेबांना फक्त "हो" म्हणायचं होतं. आणि हा माणूस "बघू" म्हणत होता. ह्यांच्या डोक्यात ठाकोरभाईंबरोबर गॅरेज काढायचं होतं. ही गाडी एकदा रस्त्यावर धावली की हौशी लोक रांग लावतील म्हणे. कायमची नोकरी सोडून गॅरेज! ऐकूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तर सोमवारच्या आदला तो रविवार. लेकीला, दिपालीला, सुट्टीसाठी मामाकडे धरणगावला पाठवलं होतं, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मी ठरवलंच होतं, आज ह्यांच्याकडून "हो" वदवून घेतल्याशिवाय सोडायचं नाही. चहा देताना विषय काढला. हे म्हणाले, "आज डॅशबोर्ड ठरवायचाय." जेवण काय करू विचारलं, तर म्हणाले, "स्विच कुठे येतो त्यावर आहे." मी म्हटलं, "मी आमटीचं विचारतेय!"

तेवढ्यात ठाकोरभाई आले. ठाकोरभाई म्हणजे पक्का सुरती माणूस, उधना दरवाज्याकडे त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. तोंडात शिवी, मनात साखर. आठवडाभर अलंगला जाऊन आले होते. तिथे समुद्रावर जुनी जहाजं फोडतात आणि त्यांतलं सामान किलोवर विकतात. तिथून आणलेली गोणी त्यांनी आमच्या ओट्यावर धाडकन उपडी केली. दारात तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई दचकून सूपच घेऊन उठल्या.

"बळीरामभाई, माल जुओ!"

जहाजातले स्विच होते सगळे. पितळी दांडीचे, काळ्या मुठीचे, गोल फिरवायचे, चपटे, काहींवर कुठल्या कुठल्या भाषेतली अक्षरं. ठाकोरभाईंनी त्यातले एकसारखे पितळी दांडीचे स्विच वेगळे काढले आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एका ओळीत मांडले. पत्रा म्हणजे उद्याचा डॅशबोर्ड. ओळीच्या वर त्यांनी चणेफुटाण्याएवढे दिवे ठेवले, लाल, हिरवे, निळे, पिवळे. मागे सरून कमरेवर हात ठेवून म्हणाले, "एकदम विमान जेवुं लागशे."

खरं सांगते, दिसत विमानासारखं सुरेखच होतं. मलाही क्षणभर वाटलं, चला, निदान टाकी तरी वाटणार नाही.

"दिवे नकोत," हे म्हणाले.

"केम?"

"काटे हवेत. तेलाचा काटा, पाण्याचा काटा, बॅटरीचा काटा. काटा कुठे आहे ते सरळ दिसतं. आणि स्विच एकसारखे नकोत. हेडलाइटला हा गोल मुठीचा, वायपरला लांब दांडीचा, पंपाला चपटा. न बघता हात गेला तरी कळलं पाहिजे कशावर पडला."

"अने वायर?"

"प्रत्येकीला नंबर. दोन्ही टोकांना." कारखान्यात असतात तशा आकडे छापलेल्या पांढऱ्या कड्यांची पिशवीच ह्यांनी आणून ठेवली होती.

ठाकोरभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे भला माणस, तो भगवाने रंग शेना माटे बनाव्या?"

"विचारा, विचारा, देवानं रंग कशाला केले ते!" मी आतून ओरडले. "उद्या माझ्या डब्यांनाही नंबर घालतील. चार नंबरची डाळ, पाच नंबरचा गूळ!"

दोघांचं त्यावर बराच वेळ वाजलं. शेवटी ठाकोरभाईंनी हात टेकले आणि बॉनेटखाली डोकं खुपसलं. हे पत्र्यापुढे. गोल मुठीचा इकडे ठेव, दोन पावलं मागे हो, परत तिकडे ठेव. मग सांगाड्यात पाट टाकून बसायचं, डोळे मिटायचे, हात पुढे करून चाचपायचं, की पुन्हा उठून सगळं मोडायचं. लग्नातल्या रुखवताचीसुद्धा कोणी इतक्यांदा मांडामांड करत नाही. मला बघवेना. मी बाहेर जाऊन म्हटलं, "उद्या साहेबांना काय सांगणार आहात?"

"बघू."

"आणखी किती बघणार? डोळे फुटेपर्यंत?"

ह्यांनी हातातला स्विच खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. काय होतं ते तेव्हा मला कळलं नाही.

तेवढ्यात बॉनेटमधून हाक आली, "बळीरामभाई, लीलो वायर अर्थमां नाखो!"

ह्यांनी वायरच्या जुडग्यातली एक उचलली आणि गाडीच्या लोखंडाला नटाखाली आवळली. चर्र झालं. डोळ्यांदेखत वायर फुगली, वितळली, आणि जळक्या प्लॅस्टिकचा असा धूर उठला की गल्ली जमा झाली. ठाकोरभाईंनी एक सणसणीत शिवी घालून बॅटरीची वायर ओढून काढली. शेजारचा निंबा बनियनवरच बादली घेऊन धावत आला. "पाणी नको रे, निंबा!" मी किंचाळले, तरी निम्मी बादली माझ्या पायावर पडलीच.

धूर विरल्यावर मात्र ठाकोरभाई पोट धरून हसायला लागले. "लीलो-नीलो! दस वरस थयां, हजी लीलो-नीलो!"

सुरतेला आलेल्या मराठी माणसाची ही ठरलेली फजिती आहे. गुजरातीत लीलो म्हणजे हिरवा, पण आपला कान ऐकतो निळा. आणि गुजरातीत भूरो म्हणजे निळा, तर आपल्याला वाटतं भुरा, तपकिरी. मी नवीन असताना निळं ब्लाउजपीस मागत होते आणि दुकानदार तीन-तीनदा हिरवंच काढून दाखवत होता. मी म्हणाले, "मेल्या, आंधळा आहेस का?" सगळ्यांचं पहिल्या वर्षी असं होतं आणि दुसऱ्या वर्षी जीभ सुधारते. आमच्या ह्यांची काही सुधारली नाही. ठाकोरभाईंच्या दुकानात ह्यांचं नावच लीलो-नीलो पडलं होतं.

हेही हसले. "भूरो ऐकलं हो मी," म्हणाले. निंबाही हसला. निंबा ह्यांच्याच कारखान्यात होता, खाली प्रत्यक्ष पायपांजवळ. वरून हे माइकवर सांगायचे, खाली निंबा चाक फिरवायचा. मग ठाकोरभाई मेव्हण्याकडे जेवायचं आहे म्हणून गेले, निंबा रिकामी बादली घेऊन गेला, गल्लीही पांगली.

मी ओले पाय पुसत ओट्यावर बसले आणि ती जळकी वायर हातात घेतली. शेवटाला थोडी शाबूत राहिली होती. तपकिरी.

शाळेत इतकी वर्षं चुका तपासल्या की एक कळतं, चुकीलाही तिची वाट असते. पोरगं सत्तावीसच्या जागी बहात्तर लिहील, एकशे तीन लिहिणार नाही. लीलो म्हणजे निळी समजले असते, तर ह्यांनी निळी उचलली असती. निळी तिथे वरच पडली होती. तपकिरी कशी उचलली? म्हणे भूरो ऐकलं! अहो, ठाकोरभाईंनी भूरो म्हटलंच नव्हतं. त्यांनी लीलो म्हटलं होतं आणि ते तीन गल्ल्यांना ऐकू गेलं होतं.

हे नवीन जुडगं घेऊन बसले होते. मी शेजारी जाऊन बसले आणि साध्या सरळ मराठीत म्हटलं, "अहो, यातली जरा हिरवी वायर द्या मला."

"कशाला?"

"द्या तर."

त्यांचा हात जुडग्यावरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग त्यांनी एक वायर ओढून माझ्या हातात दिली. तपकिरी.

"हिरवी म्हटलं मी."

त्यांनी दुसरी दिली. ती लाल होती.

मला आधी वाटलं थट्टा करतायत. मी तोंड उघडलं, आणि मग लक्षात आलं, ह्यांचा पाय हलत नव्हता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तो माणूस दगडासारखा बसला होता.

दारातून सासूबाई म्हणाल्या, "लहानपने बी आसंच करे तो. लाल मिरच्या तोडी आन सांगं, ते निम्म्या हिरव्या तोडी आने. बापना मार खाये, पन सुधरेना." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. त्यांच्या लेखी तो मुलाचा आळस होता आणि तो विषय तीस वर्षांपूर्वीच संपला होता.

"दिसतच नाही?" मी विचारलं.

"दिसतं. वेगळं दिसत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे लग्नाआधीपासून?"

"छाया, पहिल्यापासून म्हणजे लग्नाआधीपासूनच."

मी उठले. आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. काय करावं सुचेना. "मी बायको आहे तुमची की शेजारीण?" मी म्हटलं. "दहा वर्षं मला लीलो-नीलोची गंमत सांगत होतात? जगाला फसवा, मला कशाला? आणि नोकरी लागताना डोळे तपासले नव्हते का?"

"तपासले. ठिपक्यांचं पुस्तक असतं, ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. माझ्याआधीचे लोक पडद्याआड आकडे सांगत होते. डॉक्टर पानं त्याच क्रमानं उलटत होता. मी बाहेर बसून पाठ केले."

"आणि दहा वर्षं पॅनेल कसं चालवलंत?"

"पॅनेलवर वर लाल, खाली हिरवा. वरचा पेटलाय की खालचा, एवढं बघायचं. रंग लागतोच कुठे?" त्यांनी खडू घेतला आणि डॅशबोर्डच्या पत्र्यावर एकमेकांना टेकलेले दोन त्रिकोण काढले. "हा पडद्यावरचा व्हॉल्व्ह. उघडा असला की हे चित्र लाल होणार. बंद असला की हेच चित्र, याच जागी, हिरवं होणार. जागा एकच. मी काय बघू?"

आता सगळं उमगलं, दिवे का नकोत, स्विच वेगवेगळे का, वायरला नंबर का, रात्रंदिवस पाय का हलतो. उमगलं आणि तरीही माझ्या तोंडून काय निघालं? "मग पडद्यांचंही पाठ करा ना! ठिपके पाठ केलेत तसे."

क्वार्टर होतं हो डोळ्यांपुढे. मागचं अंगण होतं.

हे हळू म्हणाले, "तिथे गॅस आहे, छाया. आणि व्हॉल्व्हपाशी निंबा उभा असतो."

भिंतीपलीकडे निंबा पोरांना बादलीची गोष्ट रंगवून सांगत होता. हसण्याचा आवाज येत होता.

"मग साहेबांना सांगून टाका," मी म्हटलं.

"काय सांगू? दहा वर्षं खोटं बोललो म्हणून? आणि मग गल्लीत, गावात, बसमध्ये? बळीराम आंधळा, बळीरामला रंग दिसत नाहीत, हे काय आहे सांग, ते काय आहे सांग. लहानपणी पोरांनी तेच केलं होतं. चिंचेखाली उभं करून पानं दाखवायचे." त्यांनी खडू पत्र्यावर ठेवला. "त्यापेक्षा म्हटलं, गाडीच्या नादानं नोकरी सोडली म्हणतील. वेडा म्हणतील. वेडा चालेल मला."

मी त्या सांगाड्याकडे पाहिलं. "म्हणजे ही गाडी त्यासाठी?"

"सुरुवातीला हौसच होती. पडद्यांची बातमी आली आणि मग..."

मला रडू आलं नाही, संताप आला. माणसानं वेडं म्हणवून घेण्यासाठी एवढा खटाटोप करावा, आणि घरातल्या घरात मला एक शब्द सांगू नये! मी बोलणार तेवढ्यात निंबा दारात उभा. हातात वाटीभर आमरस, त्याच्या बायकोनं पाठवलेला.

"घ्या वहिनी. आगीवर उतारा," तो हसत म्हणाला. मग ह्यांच्याकडे वळला. "भाऊ, उद्या हो म्हणून टाका बरं. वरती तुम्ही असता म्हणून मी खाली बिनघोर असतो. पडद्यावर दुसरा कोणी बसला तर मला धडकीच भरेल."

शपथेवर सांगते, त्या क्षणी मला दोन्ही हवं होतं. ह्यांनी बोलावं असंही वाटत होतं, आणि बोलू नये असंही. निंबाच्या हातून रस घेऊन "हो रे, सांगतील उद्या" म्हटलं असतं, तर तेवढ्यावर निभावलं असतं. अजून कुणालाच काही कळलं नव्हतं.

ह्यांनी जुडगं निंबापुढे धरलं. "यातली हिरवी कोणती रे?"

निंबा खदखदून हसला. "लीलो-नीलो!"

"मराठीत विचारतोय."

"ही काय," त्यानं बोट ठेवलं.

"आणि ही?"

"ही तपकिरी."

"मला दोन्ही एकच दिसतात."

निंबाला अजून हसू होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ते ओसरलं. वाटी त्यानं गाडीच्या बॉनेटवर ठेवली, नीट, सांडणार नाही अशी. "चेष्टा नका करू, भाऊ."

"चेष्टा नाही."

"म्हणजे इतकी वर्षं..." तो थांबला. काहीतरी जुळवत होता मनात. "मागच्या श्रावणात भर पावसात तुम्ही मला दोनदा पाठवलंत, व्हॉल्व्ह खरंच बंद आहे का ते हात लावून बघ म्हणून. मी मनात आई-बहीण काढली होती तुमची."

"दिवा गेला होता. मला खात्री नव्हती."

"आणि खात्री नसताना, मी खाली असताना, कधी..."

"कधीच नाही. खात्री नसली की पाठवायचो. पण पडद्यावर मला खात्री कधीच असणार नाही, निंबा."

निंबानं गाडीचा काठ घट्ट धरला. मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तरी चाललं असतं. तो एवढंच म्हणाला, "मला दोन पोरं आहेत, भाऊ."

"म्हणूनच सांगितलं."

तो वळला. दारात थांबून, पाठमोराच म्हणाला, "मी कुठे बोलणार नाही."

"तू नकोच बोलू. सकाळी मी बोलतो."

सोमवारी हे कारखान्याच्या बसनं गेले. मी कोपऱ्यापर्यंत गेले होते, आजवर कधी गेले नव्हते. निंबा रोज ह्यांच्यासाठी खिडकीची जागा धरायचा. त्या दिवशी धरली होती की नाही ते गर्दीत दिसलं नाही. दिवसभर मी घरात नुसती फिरत राहिले. फडताळ आवरलं, तेच पुन्हा आवरलं. सासूबाई म्हणाल्या, "आते तुले बी तोच रोग लागना का?"

ऊन उतरल्यावर हे आले. पायांतल्या चपला काढायच्या आत मी विचारलं, "काय म्हणाले?"

"साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला डॉक्टरकडे घेऊन गेले. तेच पुस्तक काढलं. मला अजून सगळे आकडे पाठ आहेत, छाया. पहिल्या पानापासून." त्यांनी घाम पुसला. "प्रत्येक पानाला म्हटलं, दिसत नाही."

"नोकरी?"

"सध्या पंपांच्या वर्कशॉपमध्ये जायला सांगितलंय. पुढचं वरचे ठरवतील."

"आणि क्वार्टर?"

"ते पडद्यावर बसणाऱ्यांना."

मग मात्र मी रडले. ह्यांच्यासाठी नाही, खोटं कशाला बोलू? नळाच्या पाण्यासाठी रडले, अंगणासाठी रडले, मनात मांडलेला संसार मनातच मोडला म्हणून रडले. हे समजूत घालायला आले नाहीत. थोडा वेळ उभे राहिले आणि बाहेर शेडमध्ये गेले. मला त्याचाही राग आला. राग आला म्हणून पदरानं नाक पुसत मीही मागोमाग गेले.

सांगाड्यात दोन पाट टाकलेले होते. एकावर हे, मांडीवर वायरचं जुडगं आणि कड्यांची पिशवी. दुसरा रिकामा होता. मी पाय वर घेऊन आत शिरले आणि बसले. गाडीत बसण्याची माझी ती पहिलीच वेळ. पत्र्यावर स्विच आता पक्के बसवले होते, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही, जत्रेतल्या माणसांसारखे.

"आणा इकडे," मी म्हटलं आणि जुडगं ओढून घेतलं. "ही हिरवी."

"हिरवी अर्थला." त्यांनी दोन्ही टोकांना नंबर चढवला.

"ही तपकिरी."

"हॉर्न."

"ही निळी."

"ती दिसते मला," ते म्हणाले. "निळी चांगली दिसते." मला उगाचच बरं वाटलं.

असं चाललं होतं. मी हुंदका दिला की ते थांबायचे, मी "हं, पुढे" म्हटलं की चालू. मध्येच मी विचारलं, "भेंडी कशी दिसते तुम्हाला?"

"मातकट."

"आणि टोमॅटो?"

"तोही मातकट. जरा जास्त काळपट."

"आणि तरी वर्षानुवर्षं बाजारातून आणताय!"

"दाबून बघतो."

मला रडता रडता हसू फुटलं. मग मला एक प्रश्न सुचला आणि विचारू की नको असं झालं. पण आता न विचारून भागणार नव्हतं. मी तोंड त्यांच्याकडे वळवलं. "आणि माझं कुंकू?"

ते पाहायला लागले. घाई न करता, टक लावून पाहत राहिले. बारा वर्षांत इतकं नीट माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील, आजवर नेली तशी.

"काळं दिसतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

घरातून निरांजनाचा वास आला. सासूबाई देवापुढे दिवा लावत होत्या. मी आवाज खाली आणला.

"आईंच्या कानावर हे काळ्या कुंकवाचं घातलंत तर याद राखा," मी म्हटलं, आणि पुढची वायर त्यांच्या हातात दिली. "धरा. ही लाल."